ॲप बनवण्याआधीचा प्रश्न: बंद पडलं तर दुरुस्त कोण करणार?



हॅकेथॉनचा सीझन आला की इंजिनिअरिंग कॉलेजांत ठरलेले विषय फिरायला लागतात. कुपोषणासाठी ॲप, पाणीटंचाईसाठी सेन्सर, आदिवासी पाड्यावरच्या शाळेसाठी टॅबलेट. छत्तीस तासांत डेमो तयार, टाळ्या, बक्षीस, ग्रुप फोटो. सहा महिन्यांनी ते ॲप कुणाच्या फोनमध्ये आहे हे विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर असतं, बनवणाऱ्यांच्याच.

यात मुलांचा हेतू वाईट नसतो आणि कोडही बरं असतं. मग अडतं कुठे? हा प्रश्न फक्त कॉलेजच्या प्रोजेक्टचा नाही. कोट्यवधी डॉलर मागे असलेल्या जगप्रसिद्ध योजनाही नेमक्या याच जागी अडकल्या आहेत. त्यातल्या एकीची भारतातली पहिली शाळा तर आपल्या रायगड जिल्ह्यातच होती. आणि ज्या गोष्टी खरंच टिकल्या, त्यातली एक आपल्या जालना-सोलापुरातून निघून आफ्रिकेपर्यंत पोचली. चला, एकेक करून बघूया.

कर्जतच्या वाडीतला हिरवा-पांढरा लॅपटॉप

२००५ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या दावोसला एमआयटी मीडिया लॅबचे निकोलस निग्रोपॉन्टे यांनी एक कल्पना मांडली: गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला १०० डॉलरचा लॅपटॉप. योजनेचं नाव 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'. मशीन खरोखर भारी होतं. भर उन्हात वाचता येईल असा स्क्रीन, धूळ-पाणी आत जाणार नाही असा रबरी कीबोर्ड, अगदी कमी वीज आणि इंटरनेट नसलं तरी जवळचे लॅपटॉप एकमेकांशी जोडणारं मेश नेटवर्क. हार्डवेअर म्हणून आजही त्याला सलाम करावा असं.

भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना घ्यायला नकार दिला. तरीही २००७ मध्ये भारतातला तिचा पहिला प्रयोग सुरू झाला तो कर्जत तालुक्यातल्या खैरात या छोट्या वस्तीवर. पनवेलहून कर्जतची गाडी पकडली तर फार लांब नाही. एक शिक्षक, एक वर्ग, पहिली ते चौथीची मिळून २२ मुलं. मुलं फोटो काढायला, चित्रं रंगवायला, टाइप करायला पटापट शिकली. यात नवल नाही. लहान मुलाच्या हातात फोन दिला तर काय होतं हे आपण घरी रोज बघतो.

पण मूळ प्रश्न वेगळा होता: मुलं जास्त शिकतात का? त्याचं उत्तर पेरू देशातून आलं. पेरूने असे आठ लाखांहून जास्त लॅपटॉप घेतले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ शाळा तपासल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. कॉम्प्युटरचा वापर खूप वाढला होता, विचार करण्याच्या काही सामान्य चाचण्यांत थोडी सुधारणाही दिसली. पण गणितात आणि भाषेत, म्हणजे ज्यासाठी शाळा असते त्यात, लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांत फरक सापडला नाही. लॅपटॉप आला, पण वर्गात शिकवण्याची पद्धत तीच राहिली. मशीन पोचवायची तारीख ठरली होती. शिक्षकांची तयारी, वाडीतली वीज, तुटलेला चार्जर या गोष्टींचं नंतर बघू म्हणून ठेवलं गेलं. आणि १०० डॉलरचा लॅपटॉप बाजारात आला तेव्हा त्याची किंमत १०० नाही, १८० डॉलरच्या पुढे होती.

खेळता खेळता पाणी?

दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं. 'प्लेपंप' म्हणजे मुलांच्या खेळाचं गोल चक्र. मुलं त्यावर फिरणार, त्या जोरावर जमिनीतलं पाणी वरच्या टाकीत चढणार. ऐकायला काय मस्त! २००६ मध्ये अमेरिकेत या योजनेला १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले आणि २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचं ठरलं.

मग 'द गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राने साधा हिशेब केला. एका पंपावर जेवढ्या लोकांना पाणी मिळेल असं सांगितलं होतं, तेवढं पाणी काढायचं तर मुलांना रोज २७ तास खेळावं लागलं असतं. दिवस २४ तासांचाच असतो! प्रत्यक्षात मुलं शाळेत गेली की मोठ्या बायका ते चक्र हाताने ढकलत बसायच्या. साध्या पंपापेक्षा हा प्रकार कित्येक पट महाग आणि बिघडला तर गावात कुणाला उघडताही येत नाही. काही वर्षांतच योजना चालवणारी संस्था गुंडाळली गेली.

युजर एक, गिऱ्हाईक दुसरंच

आता इंजिनिअरच्या नजरेने बघूया. तुमच्या फोनमधलं एखादं ॲप सतत हँग होतं. तुम्ही काय करता? अनइन्स्टॉल. एक स्टार रेटिंग देऊन मोकळे होता. कंपनीला झक मारत सुधारावं लागतं, कारण वापरणारा तोच आणि पैसे (किंवा डेटा) देणाराही तोच.

विकासाच्या योजनांत ही साखळी तुटलेली असते. पैसे देतो दाता, सरकार किंवा कंपनीचा सीएसआर विभाग. वापरते गावातली बाई. तिच्याकडे अनइन्स्टॉलचं बटणच नसतं. फोटो छान आला, आकडा रिपोर्टमध्ये गेला की दात्याचं समाधान होतं, वस्तू चालो ना चालो. प्लेपंप काय किंवा लॅपटॉप काय, ते दात्याला आवडतील असे बनले होते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. विकासाच्या कामातलं तंत्रज्ञान किती आधुनिक आहे याने फार फरक पडत नाही. ते बिघडलं तर वापरणाऱ्याला बोलता येतं का, आणि ऐकून दुरुस्त करायला कुणी बांधील आहे का, यावर सगळं ठरतं. हे जिथे जमलं अशी तीन उदाहरणं आपल्याच महाराष्ट्रात आहेत.

१. जालना आणि सोलापूरचा हापसा

साठच्या दशकाच्या शेवटी दुष्काळी भागांत खडक फोडणारी बोअरची यंत्रं आली आणि गावोगाव हापसे बसले. पण ते बिडाचे पंप होते युरोप-अमेरिकेतल्या घरगुती पंपांची नक्कल. तिकडे एक कुटुंब दिवसातून चार बादल्या काढायचं, इकडे अख्खं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा हलवायचं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर युनिसेफने पाहणी केली तेव्हा चारातले जवळपास तीन हापसे बंद सापडले.

याच काळात मराठवाड्यात आणि सोलापुरात मिशनच्या कामात असलेले मेकॅनिक रोज हे बिघडलेले पंप दुरुस्त करत होते. काय तुटतं हे त्यांना पाठ झालं होतं. जालन्यात त्यांनी बिडाऐवजी स्टीलचा पंप बनवला आणि दांड्याचे अनेक सांधे काढून एकच ठेवला. जितके सांधे कमी तितकी झीज कमी. सोलापूरच्या पंपात दांड्याला साखळी आली, त्यामुळे आतली सळई सरळ वर ओढली जाते, तिरकी घासत नाही. धूळ जाणार नाही असं बंद बेअरिंग आलं आणि पंपाची बैठक थेट काँक्रीटमध्ये रोवली गेली.

हाच सोलापूरचा पंप पुढे युनिसेफ, सरकार आणि कारखान्यांनी मिळून सुधारला. त्याचं नाव 'इंडिया मार्क टू'. तुमच्या गावाकडे शाळेजवळ किंवा देवळाजवळ जो हापसा आहे तो बहुतेक याच घराण्यातला. कुणीही बनवू शकेल असं खुलं डिझाइन, एकच स्टँडर्ड, म्हणून सुटे भाग सहज मिळतात. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर ओपन सोर्स. पुढे हा पंप आफ्रिकेतही गेला. युगांडात 'यू टू' नावाने चालतो तो याचाच भाऊ.

पण त्यातही एक अडचण राहिली होती. आतलं वॉशर बदलायचं तर सगळे पाइप वर काढावे लागायचे, त्यासाठी तालुक्याहून गाडी आणि माणसं यायला हवीत. तोवर बायका परत विहिरीवर. म्हणून ऐंशीच्या दशकात 'मार्क थ्री' आला. यात पाइप जागेवर ठेवून आतला दट्ट्या वर काढता येतो, साध्या हत्यारांनी, गावातल्याच दोन-तीन माणसांना. या सुधारणेने पाणी एक थेंबही वाढलं नाही. फक्त पाना तालुक्याच्या गाडीतून गावाच्या हातात आला. मला ही सगळ्यात मोठी सुधारणा वाटते.

२. गडचिरोलीचे मणी

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था १९८० च्या दशकापासून गडचिरोलीत काम करते. लहान बाळं न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनिया ओळखायची एक सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० च्या वर गेले तर धोका. पण गावातल्या ज्या सुईणी बाळाजवळ असायच्या, त्यांना दहा-बारापर्यंतच मोजता यायचं आणि घड्याळही नव्हतं.

आपण असतो तर काय केलं असतं? बहुधा 'आधी साक्षरता वर्ग' असा प्रोजेक्ट लिहिला असता. बंग दांपत्याने मोजायचं यंत्रच सुईणीला साजेसं केलं. एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर आलात तर न्यूमोनिया. मोठ्या बाळांसाठी मण्यांची वेगळी ओळ. बॅटरी नाही, अपडेट नाही.

याच विचारातून पुढे नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत उभी राहिली. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत बाळाच्या घरी जायच्या, तुलनेसाठी ४७ गावं वेगळी ठेवली होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. २०११ मध्ये देशभरातल्या आशा ताईंच्या कामात ही पद्धत आली. मण्यांनी एकट्याने बाळं वाचवली नाहीत. दारात येणारी, शिकलेली, औषध जवळ असलेली आणि विश्वासाची बाई, हे खरं तंत्र होतं. मणी तिचं हत्यार.

३. म्हसवडचा अंगठा

आता सोशल एंटरप्राइझकडे येऊ. म्हणजे काय? असा उद्योग जो समाजाचं काम करतो, पण देणगीवर नाही तर कमाईवर चालतो. आपल्या पनवेल तालुक्यात, मुंबई-गोवा रस्त्यावरच्या तारा गावात युसूफ मेहेरअली सेंटर आहे. तिथली तेलघाणी, साबण, मातीकाम ही याच जातीची कामं. वस्तू विकायची, रोजगार तिथल्याच माणसांना.

यातलं बँकेचं उदाहरण साताऱ्याच्या माण तालुक्यातलं. चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी म्हसवडला महिलांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्ज करणाऱ्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

पुढे एटीएम कार्डांची वेळ आली. बँकेला वाटलं, बायकांना पिन वापरायला शिकवू. बायकांनी सांगितलं, पिन नको, अंगठा ठेवा. पिन कुणीही काढून घेईल आणि कष्टाचे पैसे नेईल, अंगठा कोण चोरणार? सिन्हा यांनी हे जाहीर भाषणातही सांगितलं आहे. यातली गंमत बघा. सिक्युरिटीच्या भाषेत याला थ्रेट मॉडेल म्हणतात, म्हणजे धोका नेमका कुणाकडून आहे याचा विचार. बँकेला बाहेरच्या चोराची काळजी होती. बायकांना माहीत होतं की पिन काढून घेणारा घरातलाही असू शकतो. आणि बँक त्यांचीच असल्यामुळे त्यांचं म्हणणं ऐकावंच लागलं. सभासदच गिऱ्हाईक, सभासदच मालक. मघाशी तुटलेली साखळी इथे जोडलेली आहे.

आज तोच प्रश्न तुमच्या-आमच्या फोनमध्ये

हा इतिहास झाला म्हणून सोडून देऊ नका. महाराष्ट्रात लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. ताईंना सरकारी स्मार्टफोन दिले होते, २ जीबी रॅमचे. मार्च २०२१ मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर ॲप आलं. बाळाचं वजन, उंची, आहार, हजेरी सगळं त्यात भरायचं. फोन तापायचे, हँग व्हायचे, ॲप इंग्रजीत. बिघडलेल्या फोनचा खर्च पदरचा. आणि नोंद झाली नाही तर जाब ताईंनाच.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी हे फोन सरकारला परत केले. बातम्यांत ते आंदोलन म्हणून आलं. मी त्याला देशातला एक मोठा बग रिपोर्ट म्हणेन. एकटीला अनइन्स्टॉल करता येत नव्हतं, म्हणून हजारो जणींनी मिळून केलं.

इथे पणाला काय आहे ते लक्षात घ्या. त्या स्क्रीनवर फिरणाऱ्या गोल चक्रामागे एका बाळाचं वजन असतं. दोन महिने वजन वाढलं नाही हे वेळेवर कळलं तर त्याला वाचवता येतं. ताईंचा तास ॲपमध्ये गेला तर तो बाळाच्या घरी जायचा तास असतो. पनवेलला एकीकडे विमानतळ उभा राहिलाय आणि याच तालुक्यात माथेरानच्या डोंगराखाली धोदाणी-मालडुंगेच्या वाड्या आहेत. दोन्हीकडे एकच ॲप चालायला हवं. ऑफिसच्या वायफायवर टेस्ट करून ते कसं जमणार?

मग मोबाईल स्वतः कसा यशस्वी झाला?

कुणी म्हणेल, तंत्रज्ञानाने गावं बदलली नाहीत का? मोबाईल, यूपीआय? बदलली की! पण मोबाईल टिकला कशाने ते बघा. कुठल्याही तालुक्याच्या बाजारात फिरा, दर थोड्या अंतरावर डिस्प्ले बदलून देणारं दुकान दिसेल. रिचार्ज दहा रुपयांपासून मिळायचं. नाही आवडलं तर दुसरं सिम घ्यायची मुभा. केनियात २००७ मध्ये सुरू झालेली एम-पेसा ही मोबाईलवरून पैसे पाठवायची सेवाही अशीच पसरली. मेसेज पाठवणं सोपं होतं. ती चालली कोपऱ्या-कोपऱ्यावरच्या दुकानदार एजंटमुळे, जो रोख रक्कम हातात देतो आणि अडलं तर समजावतो. म्हणजे इथेही दुरुस्ती जवळ आणि निवड वापरणाऱ्याच्या हातात.

तुमच्या पुढच्या प्रोजेक्टसाठी सहा प्रश्न

१. पैसे कोण देणार आणि वापरणार कोण? दोघं वेगळे असतील तर वापरणाऱ्याची तक्रार पैसे देणाऱ्यापर्यंत कशी जाणार, हे आधी लिहून काढा.

२. आज हे काम कसं होतं? वहीत होत असेल तर ती वही बघा. ॲपमुळे वही बंद होणार की ताईंना वही आणि ॲप दोन्ही भरावं लागणार? दुसरं असेल तर तुम्ही काम वाढवताय.

३. नेट नसताना चालतं का? नोंद आधी फोनमध्ये सेव्ह करा, रेंज आली की आपोआप सर्व्हरला जाऊ द्या. अर्धवट फॉर्म पुसला जाता कामा नये. 'पाठवायचं बाकी' आणि 'पोचलं' हे स्क्रीनवर स्पष्ट दिसू द्या.

४. जुन्या फोनवर चालवून पाहिलं का? २ जीबी रॅम, भरलेलं स्टोरेज, फुटका स्क्रीन, भर ऊन. ॲपचा आकार जितका लहान तितकं बरं.

५. मराठी खरी आहे का? भाषांतर यंत्राची मराठी नको. बटणावर ताई जो शब्द बोलतात तोच हवा. आकडे मराठीत टाइप केले तरी चालले पाहिजेत.

६. तिसऱ्या वर्षी काय? बक्षीस संपलं, टीममधले तिघं पुण्या-बंगळुरूला नोकरीला गेले. सर्व्हरचं बिल कोण भरणार? पासवर्ड कुणाकडे? डेटा बाहेर काढून देता येईल का?

सहाव्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर नवं ॲप बनवूच नका, असं मी म्हणेन. त्यापेक्षा जे आहे ते दुरुस्त करा. एखाद्या संस्थेची एक्सेल शीट नीट लावून द्या, ओपन सोर्स ॲपचं मराठी सुधारा, आशा ताईंच्या फोनमधलं स्टोरेज मोकळं करून द्या. याला हॅकेथॉनचं बक्षीस मिळणार नाही, पण उद्या सकाळी त्याचा उपयोग होईल.

सोलापूरच्या त्या मेकॅनिकांनी जग बदलायला सुरुवात केली नव्हती. समोरचा हापसा परत परत का तुटतो, एवढंच ते बघत होते. तुमच्या घराजवळही एक अंगणवाडी असेल. एका दुपारी तिथे जा, ताईंची वेळ मोकळी असेल तेव्हा, आणि विचारा, "ताई, या फोनमध्ये तुम्हाला सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो?" लॅपटॉप घरी ठेवून जा. वही-पेन पुरेल.